तासावरच्या सायकलची वंशावळ

मोबाइलवरचे ॲप उघडायचे, सायकलवरचा चौकोनी कोड टिपायचा, की कुलूप आपसूक उघडते. जितकी मिनिटे सायकल वापरली तितके पैसे खात्यातून वळते होतात. ही सोय डिसेंबर 2017 मध्ये पुण्यात आणि 2018 मध्ये नवी मुंबईत सुरू झाली, तेव्हा अनेकांनी तिला परदेशी नवलाई मानले. साठ-सत्तरच्या दशकांत सायकल शिकलेल्यांना मात्र तिचे घराणे ओळखीचे वाटायला हरकत नाही. गावोगावच्या सायकल मार्टमध्ये तासावर मिळणाऱ्या सायकलची ती थेट वारसदार आहे.

सायकल भाड्याने देता यायची तर ती आधी कोणालाही चालवता यायला हवी. कार्ल ड्राइसने 1817 मध्ये मानहाइममध्ये पळवलेल्या लाकडी दुचाकीला पायडल नव्हते. पुढे पायडल आले, पण उंच पुढच्या चाकाची सायकल पट्टीच्या तरुणालाच झेपे. 1885 मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी जोडलेली 'रोव्हर' काढली आणि 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉयड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आजची सायकल मूळ बांध्याने तीच आहे. नंतर भर पडली ती फ्रीव्हील, गिअर, डायनॅमो यांची.

आपल्याकडे आधी रॅले, हर्क्युलिस, हंबर अशा विलायती सायकली आल्या. मग वरळीची हिंद सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टीआय, सोनिपतची ॲटलस, लुधियानाची हिरो हे देशी कारखाने उभे राहिले. तरीही कारकुनाला किंवा गिरणी कामगाराला सायकल घ्यायची म्हणजे पैसे साठवावे लागत. दुकानदाराला मात्र दहा-बारा सायकली घेऊन त्या दिवसभर फिरत्या ठेवणे परवडे. भाड्याचा धंदा या फरकावर उभा राहिला.

उदाहरणार्थ, कल्याणला अशा वाहनाची गरज मोठी होती. 1853 मध्ये ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे 1854 मध्ये कल्याणला पोचली. पुढे इथूनच कसाऱ्याकडे आणि कर्जतकडे असे दोन फाटे फुटले. दुसऱ्या महायुद्धात जवळ उभारलेली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि 1949 मध्ये तिचे उल्हासनगर झाले. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विमको असे कारखाने भोवती होते. लोकलने माणूस स्टेशनपर्यंत येई. प्रश्न असे तो तिथून घरापर्यंतच्या किंवा कारखान्याच्या गेटपर्यंतच्या दोन-चार किलोमीटरचा. रोज पायी जायला हे अंतर जास्त आणि टांगा करायला कमी. शहराची स्वतःची बससेवा, केडीएमटी, सुरू व्हायला 1999 साल उजाडले.

भाड्याच्या दुकानाची रीत महाराष्ट्रात सगळीकडे साधारण सारखी होती. मडगार्डवर दुकानाचे नाव आणि सायकलचा नंबर रंगवलेला. वहीत गिऱ्हाइकाचे नाव, नंबर आणि नेल्याची वेळ लिहायची. भाडे आधी आण्यांत, 1957 नंतर नव्या पैशांत. घड्याळ दुकानदाराचे असे, म्हणून दहा मिनिटांच्या उशिरावरून वाद होत. अनोळखी माणसाला कोणीतरी जामीन लागे किंवा अनामत ठेवावी लागे. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलला लावलेला हवा. रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडत, म्हणून संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला दिवाही द्यावा लागे. पोरांसाठी अर्धी सायकल वेगळी, आणि तिला सुट्टीत रांग.

हा दुकानदार मिस्त्रीही असे. सायकल परत आली की तो चाकाचा आउट बघे, ब्रेकचे रबर चाचपे, सोल्युशन लावून पंक्चर काढे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला देई. भाडे घेणारा आणि दुरुस्ती करणारा हात एकच असल्याने मोडकी सायकल उभी राहणे म्हणजे त्याचेच नुकसान. या व्यवस्थेची सगळी ताकद यात होती.

ती व्यवस्था संपली त्याला कोणी एक कारण नाही. सायकल पगाराच्या मानाने स्वस्त झाली आणि घरोघरी आली. 1972 मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली. मग स्कूटर वाढल्या, आणि कल्याण-डोंबिवलीत शेअर रिक्षाने स्टेशन ते घर हा टप्पाच काबीज केला. भाड्याच्या दुकानांनी एक तर फक्त दुरुस्ती ठेवली किंवा शटर ओढले.

दरम्यान परदेशात याच कल्पनेची दुसरी शाखा वाढत होती. 1965 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये 'प्रोव्हो' या तरुणांच्या गटाने पांढऱ्या रंगाच्या सायकली बिनकुलपाच्या रस्त्यावर ठेवल्या, कोणीही न्याव्यात म्हणून. सायकल बिनकुलपाची ठेवणे बेकायदा असल्याचे सांगून पोलिसांनी त्या उचलल्या. 1995 मध्ये कोपनहेगनने नाणे टाकून सुटणारी सायकल आणली. नाणे अनामतीचे, सायकल परत लावली की परत मिळणारे. 2005 मध्ये लिऑन आणि 2007 मध्ये पॅरिसने कार्डावर चालणारे मोठे जाळे उभारले. पॅरिसचा खर्च जेसीडेको ही जाहिरात कंपनी रस्त्यांवरच्या जाहिरातींच्या हक्काच्या बदल्यात उचलत होती. नुसत्या भाड्यात हे भागत नाही, हे तिथे पहिल्या दिवसापासून गृहीत होते.

आपल्या पट्ट्यात या शाखेचे एक सुरुवातीचे रोप मुलुंडला लागले. 2010 मध्ये काही तरुणांनी 'सायकल चलाओ' नावाने स्टेशन आणि कॉलेज यांच्या दरम्यान भाड्याच्या सायकली दिल्या. जागा नेमकी हेरली होती, पण उपक्रम फार वर्षे टिकला नाही. मग चीनमधून स्टँडही नको असलेली सायकल आली. कुलपातच सिमकार्ड आणि जीपीएस. मोबाइक या कंपनीच्या सुरुवातीच्या सायकलला साखळीऐवजी दांडा होता आणि टायर हवा न भरायचे, म्हणजे डनलॉपच्या आधीच्या काळातले भरीव रबर सव्वाशे वर्षांनी सुधारून परतले.

या सगळ्या शोधांचा रोख एकाच दिशेने आहे. कोडने वही घालवली, जीपीएसने दुकानदाराची नजर, अनामतीने जामीनदार आणि बिनहवेच्या टायरने पंक्चरवाला. दुकानातला माणूस वगळायचा होता आणि कागदावर तो वगळलाही गेला. प्रत्यक्षात ब्रेक झिजतात, सीट फाटते, पावसाळ्यात कुलूप गंजते. पुण्यात मोडतोड, चोरी आणि फुटपाथवर आडव्या पडलेल्या सायकली यांच्या तक्रारी वाढल्या आणि काही वर्षांत योजना ओसरली. ओफो ही चिनी कंपनी 2018 मध्येच भारतातून गेली. चीनमध्ये तिच्या असंख्य ग्राहकांची अनामत अडकली.

नवी मुंबईत सायकली देणाऱ्या युलू कंपनीने पुढे विजेवरची छोटी वाहने आणली. 250 वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणाऱ्या वाहनाला परवाना लागत नाही, ही त्यामागची कायदेशीर सोय. घाम न येता ऑफिस गाठायला हे चांगलेच. पण त्यात बॅटरी बदलणे आले, म्हणजे माणसाचे काम उलट वाढले. दुकानदार मागच्या दाराने परत आलाच, फक्त आता तो कंपनीच्या टेम्पोतून येतो.

कल्याण-डोंबिवलीची निवड 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेत झाली आणि स्टेशन परिसराची नव्याने आखणी हा त्यातला महत्त्वाचा भाग ठरला. खडकपाडा किंवा आधारवाडीहून स्टेशनला येणाऱ्याला आजही दोन-तीन किलोमीटर पार करायचे आहेत आणि सायकलला हे अंतर अगदी माफक आहे. उद्या इथे ॲपवरच्या सायकलींची योजना आली, तर उद्घाटनाला किती सायकली आणल्या हे विचारू नका. दोन गोष्टी विचारा: स्टेशनच्या दारात त्या उभ्या कुठे राहणार, आणि ब्रेक ढिला झाला तर तो आवळायला सकाळी कोण येणार? शक्य असेल तर हे काम गल्लीतल्या सायकल मिस्त्रीलाच पगारावर द्यावे, असा आग्रह नगरसेवकाकडे धरा. जुन्या दुकानाचे नफ्याचे गणित जुळत होते ते मिस्त्रीमुळेच.