एका किळसवाण्या औषधाची कसोटी

चौथ्या शतकांत चीनमधील गे हुंग या पंडितानें तीव्र अतिसारावर निरोगी मनुष्याची विष्ठा पाण्यांत कालवून पाजण्याचा उपाय लिहून ठेविला. आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. ती बिघडली असतां निरोगी वस्ती तेथें नेऊन वसवावी, हें या उपायाचें आजचें मर्म होय.

१९५८ सालीं अमेरिकेंत बेन आयझमन या शल्यविशारदानें आंतड्याच्या प्राणघातक दाहाच्या चार रोग्यांना असा बस्ति दिला, चौघेही वांचले. पुढें मोठ्या आंतड्यांतील जुनाट व्रणांनीं पीडलेल्या बेनेट या डॉक्टरानें तो स्वतःवरच योजिला आणि गुण आल्याचें १९८९ सालीं प्रसिद्ध केलें.

परंतु एकाचा गुण म्हणजे सर्वांचा पुरावा नव्हे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील परीक्षेंत हा बस्ति घेतलेल्या ३८ व्रणरोग्यांपैकीं ९ जणांचा, तर नुसत्या पाण्याचा बस्ति घेतलेल्या ३७ पैकीं २ जणांचा रोग शमला. त्याच वर्षींच्या हॉलंडमधील परीक्षेंत असा निश्चित फरक दिसला नाहीं. २०१९ सालीं तर अमेरिकेंत दात्याकडून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूनें एक रोगी दगावला.

अमेरिकन सरकारनें २०२२ सालीं अशा औषधास प्रथम मान्यता दिली, ती क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा विकार पुनः उलटूं नये एवढ्यापुरतीच. व्रणरोग्यांची आशा निराधार नाहीं; पण दात्याची कसून तपासणी झाल्यावांचून घरगुती प्रयोग करणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.