ओरिबेच्या घरी, गुरूच्या तिथीला

तलवार बाहेरच ठेवा. वळचणीखाली त्यासाठी फळी ठोकलेली आहे. चहाच्या खोलीचं दार जेमतेम 66 सेंटिमीटर उंच. गुडघे टेकून, मान वाकवून आत सरकायचं. सरदार असो की सावकार, वाकल्याशिवाय इथं प्रवेश नाही. ही रीत ज्यानं रुळवली, त्याची आज तिथी आहे.

साल 1592, शहर क्योतो. जुन्या चांद्र पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याचा अठ्ठाविसावा दिवस. मागच्या वर्षी याच तिथीला चहागुरू सेन नो रिक्यू यानं जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमावरून हाराकिरी केली. वय सत्तर. तुम्ही आला आहात त्याच्या शिष्याकडे, फुरुता ओरिबेकडे. ही बैठक कल्पनेतली आहे, पण तिच्या केंद्रस्थानी असलेली वस्तू खरी आहे आणि आजही शाबूत आहे.

आत अंधूक उजेड. भिंती मातीच्या, खिडक्यांना कागद. जमिनीत 42 सेंटिमीटरचा चौकोनी खड्डा, त्यात निखारे, वर लोखंडी किटली. भिंतीपलीकडून दगडी जात्याची घरघर येते आहे. चहाची पानं आजच दळायची, तीही सावकाश. घाईनं फिरवलं तर दगड तापतो आणि चहाचा वास उडतो. ती घरघर थांबते, तेव्हा कुठं किटलीतल्या पाण्याचा आवाज कानावर येतो.

आता समोरच्या कोनाड्याकडे बघा. तिथं तसबीर नाही, पुतळा नाही. पुतळ्याची कथा या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दाइतोकुजी मठाच्या दरवाजावरचा मजला रिक्यूनं बांधून दिला, म्हणून मठानं कृतज्ञतेनं त्याचा लाकडी पुतळा तिथं बसवला. दरवाजातून जाणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे खुद्द हिदेयोशीलाही, त्याच्या पायांखालून जावं लागणार, हा गुन्हा ठरला. पुतळा खाली ओढून मोदोरीबाशी पुलापाशी टांगला गेला आणि नंतर रिक्यूचं मस्तक तिथंच मांडलं गेलं. खरं कारण काय होतं यावर इतिहासकार आजही भांडतात. मला एवढंच वाटतं की सत्ताधीशाला दुसऱ्याची उंची खुपू लागली, की कारण सापडायला वेळ लागत नाही.

कोनाड्यात आहे ती काळ्या लाखेची एक बारीक नळी. तिच्या अंगाला लांबट चौकोनी खिडकी कापलेली. तिच्यातून आत चहा काढायचा बांबूचा चमचा दिसतो: फिकट रंगाची पातळ पट्टी, एक टोक वाकवलेलं. अखेरच्या दिवसांत रिक्यूनं स्वतः तासलेला हा चमचा ओरिबेकडे आला. त्याचं नाव ‘नामिदा’, म्हणजे अश्रू. एरवी असा चमचा बंद नळीत ठेवतात. ओरिबेनं नळीलाच खिडकी पाडली, कारण त्याच्यासाठी ही गुरूची स्मरणपट्टी आहे. तिच्यासमोर तो हात जोडतो. परक्या माणसाला ही चमच्याची नळीच वाटेल. हिदेयोशी जिवंत असताना हे बरंच म्हणायचं.

ओरिबे येतो. पन्नाशीला टेकलेला, लढाया पाहिलेला माणूस. गेल्या साली रिक्यूला क्योतोतून साकाईला घालवून दिलं, तेव्हा हिदेयोशीच्या रागाची पर्वा न करता योदोच्या धक्क्यावर निरोप द्यायला गेलेले शिष्य दोघंच: होसोकावा तादाओकी आणि हा. नावेतून त्या दोघांना पाहून आश्चर्य वाटल्याचं रिक्यूनं पत्रात लिहून ठेवलं आहे.

तो काळा वाडगा पुसतो, भुकटी घालतो, पाणी ओततो, बांबूच्या कुंच्यानं घुसळतो. हाताला कंप नाही. पहिला वाडगा तुमच्यासाठी नाही. तो दोन्ही हातांनी उचलून नळीसमोर ठेवला जातो. आपण श्राद्धाला पान वाढून मागे सरतो, तसाच ओरिबे मागे सरतो. चहाच्या रिवाजात पाहुण्यानं चमचा बघायला मागायचा, कुणी तासला, नाव काय, हे विचारायचं. आज ते कुणीच विचारत नाही.

तुम्हाला मात्र त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे. हाच ओरिबे काही वर्षांनी वाकडेतिकडे, ठसठशीत वाडगे मिरवील. गुरूच्या अबोल काळ्या वाडग्याची नक्कल तो कधीच करणार नाही. त्याच्या निष्ठेतलं मला सर्वांत आवडतं ते हेच. आणि 1615 मध्ये ओसाकातल्या तोयोतोमींच्या बाजूनं कट केल्याच्या आरोपावरून, नवे सत्ताधीश तोकुगावा यांच्या हुकमानं, त्यालाही हाराकिरी करावी लागेल. हा चमचा त्याच तोकुगावांच्या ओवारी शाखेकडे जाईल. आज तो नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयात आहे, त्या खिडकीच्या नळीसकट. हे इथं बोलायची सोय नाही. चहा घ्या.

दुसरा वाडगा पाहुण्यांमध्ये फिरतो. दाट, हिरवा, आधी कडू आणि मग गोडसर. प्रत्येकानं थोडा प्यायचा, कड पुसायची, शेजाऱ्याला द्यायचा. जिभा आता मोकळ्या होतात. कोरियावर स्वारीची तयारी चालू आहे, कुणाकुणाला जावं लागणार याची कुजबुज होते. मग कुणीतरी मुद्द्याचं विचारतो: शोआनचं काय? रिक्यूचा हा सावत्र मुलगा आणि जावई दूर आइझूला गामो उजिसातोच्या आश्रयाला आहे. घर मोडलं आहे. नातू सोतान चौदा-पंधरा वर्षांचा, दाइतोकुजीतच वाढतो आहे. सेन हे नाव पुन्हा उभं राहील का, याचं उत्तर या खोलीत कुणापाशी नाही.

तुमच्यापाशी आहे. शोआनला माफी मिळेल, तो क्योतोला परतेल. सोतानच्या तीन मुलांपासून ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के ही तीन घराणी निघतील. नव्या पंचांगाप्रमाणे ओमोतेसेन्के 27 मार्चला आणि उरासेन्के 28 मार्चला रिक्यूची तिथी पाळतील. त्याच्या चित्रासमोर मोहरीच्या जातीची पिवळी फुलं असतील, कारण ती रिक्यूची आवडती, असं परंपरा सांगते. त्या दिवसापर्यंत ती फुलं चहाच्या खोलीत लावायची नाहीत असा नेम अनेक जण पाळतील. आणि पहिला वाडगा त्याच्यापुढे ठेवल्यावरच पाहुण्यांसाठी चहा घुसळायला घेतील.