मोटारीतील एलईडी अंतर्गत प्रकाशयोजना

मोटारीतील एलईडी अंतर्गत प्रकाशयोजना म्हणजे मोटारीच्या मूळ विद्युत मंडलातून वीज घेऊन डॅशबोर्ड, पायांजवळील जागा, दरवाजे किंवा छत येथे प्रकाश उत्सर्जक डायोडच्या (एलईडी) पट्ट्या बसविणे. काही मोटारींत ही सोय कारखान्यातूनच येते; पुष्कळदा ती खरेदीनंतर स्थानिक ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली जाते.

विद्युत रचना

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हटली जात असली तरी इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे दाब साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. बाजारातील सामान्य पट्टीत तीन एलईडी आणि एक रोधक यांचा एकसर गट असतो, म्हणून ती ठरावीक खुणेवरच कापता येते. वाढीव दाबाने रोधक तापतो आणि पट्टीचे आयुष्य घटते. मीटरला ६० मोठे (५०५० आकाराचे) एलईडी असलेली एकरंगी पट्टी सुमारे १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर प्रवाह घेते.

जुन्या मोटारींपैकी अनेकींत छतावरील दिव्याला धन तार कायम जोडलेली असते आणि दरवाजाचा स्विच अर्थ जोडून मंडल पूर्ण करतो. अशा ठिकाणी पट्टीची ऋण तार थेट बॉडीला जोडल्यास ती कधीच विझत नाही. १.२ अँपिअरची पट्टी दहा तास जळत राहिली तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील सुमारे एक तृतीयांश साठा संपतो. नव्या मोटारींत हे दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल हाताळते. त्याच्या निर्गमावर अतिरिक्त भार टाकल्यास महागडा भाग निकामी होऊ शकतो. म्हणून तेथील तारेचा उपयोग केवळ रिले चालविण्याच्या संकेतापुरता करतात.

फ्यूज आणि आगीचा धोका

फ्यूज दिव्याचे नव्हे, तर तारेचे संरक्षण करतो. या विषयातील बहुतेक गैरसमज येथेच आहेत. १५ अँपिअरच्या (निळ्या) फ्यूजच्या मंडलात पट्टीची बारीक तार जोडली आणि ती पत्र्याला घासून उघडी पडली, तर फ्यूज वितळण्यापूर्वी तारेचे आवरण जळू शकते. त्यामुळे नव्या शाखेला उगमाजवळच स्वतंत्र, लहान क्षमतेचा फ्यूज देतात. एका-दोन पट्ट्यांना ५ अँपिअरचा (बदामी) पुरतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसविणे हा सर्वांत घातक उपाय होय.

पनवेल खाडीलगत वसलेले असल्याने हवा दमट असते आणि पावसाळा दीर्घ. नुसत्या पीळ देऊन पीव्हीसी टेप गुंडाळलेल्या सांध्यात ओल शिरते, तांबे हिरवे पडते व रोध वाढून सांधा तापतो. उन्हात टेपचा चिकटपणाही सुटतो. सोल्डर किंवा क्रिंप करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढविलेला सांधा अधिक टिकतो. पायाखालच्या गालिच्यातून तार नेणे टाळलेले बरे. पिवळे आवरण वा पिवळे कनेक्टर असलेल्या तारा सामान्यतः एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावीत नाहीत. पडदा-एअरबॅग असलेल्या मोटारीत पुढील खांबाच्या आच्छादनाखालून तार नेताना ती एअरबॅगच्या पुढे येऊ देत नाहीत.

रात्रीची दृश्यता

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पनवेल तालुक्यातील कळंबोलीपासून सुरू होतो आणि पुढे बोगदे व घाट लागतात. आतील तेजस्वी प्रकाशाचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडते व अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात. पांढऱ्या-निळ्या प्रकाशापेक्षा मंद तांबडा वा पिवळसर प्रकाश कमी त्रासदायक ठरतो. पट्टी दिसू नये, केवळ तिचा उजेड दिसावा, अशी मांडणी चांगली समजली जाते.

कायदेशीर बाजू

पनवेल प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेत एमएच-४६ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ पुढे तांबडा दिवा दाखविण्यास मनाई करतो, परंतु वाहनाच्या अंतर्गत प्रकाशाला त्यातून वगळतो. ही सवलत आतील दिव्यांपुरतीच आहे. बाहेर, चाकांजवळ किंवा गाडीखाली लावलेल्या पट्ट्या तिच्यात बसत नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली घातलेल्या कलम १८२अ(४) नुसार अनुज्ञेय नसलेल्या फेरबदलासाठी वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ तारांना काप दिल्यास उत्पादक विद्युत भागांवरील वॉरंटी नाकारू शकतो. या कारणाने फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसणारा जोड, तार न कापता वापरला जातो.