कंपनीचा गुन्हा, आरोपी कोण?

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याची निळी कुत्री जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. नावड्याला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतीतल्या, रंग वापरणाऱ्या एका कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदचा आदेश दिला. कारखान्याला टाळे लागते. पण त्यामागच्या माणसाचे काय? कंपनीला तर बेड्या घालता येत नाहीत.

हा पेच जुना आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचाही समावेश केला होता. मग कैद सक्तीची असेल, तर कंपनीवर खटला कसा चालवायचा? खटला चालेल आणि दंड होईल, असे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिले. पण दंड भरला जातो तो कंपनीच्या तिजोरीतून; निर्णय घेणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही.

ही पळवाट बुजवण्याचा प्रयत्न १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने केला. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. त्याचे कलम ४७ सांगते की, गुन्हा घडला तेव्हा कंपनीचा कारभार ज्याच्या हाती होता, तोही दोषी मानला जाईल. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचे. संचालकाची संमती, संगनमत किंवा हयगय दिसली, तर तोही सुटत नाही.

उत्तर प्रदेशात मोदीनगरच्या एका मद्यनिर्मिती कारखान्याचे सांडपाणी काली नदीत जात होते. तक्रारीत कंपनीचे नाव चुकले, म्हणून अध्यक्ष आणि संचालक सुटू पाहत होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही.

अर्थात नुसत्या पदामुळे कोणी गुन्हेगार ठरू नये, हेही खरे. कायद्यात तशी तरतूद नसेल, तर संचालकाचा प्रत्यक्ष सहभाग आणि हेतू दाखवावा लागतो, असे याच न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले.

न्याय किती तोकडा पडू शकतो, हे भोपाळने दाखवले. वायुगळती १९८४ ची, निकाल २०१० चा. अधिकाऱ्यांना शिक्षा दोन वर्षांची आणि लगोलग जामीन.

२०२४ मध्ये संसदेने जलकायदा बदलला. ही दुरुस्ती जिथे लागू होते, तिथे नदीत घाण सोडण्याबद्दलच्या कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. खटले रेंगाळण्यापेक्षा दंड झटपट वसूल होईल, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण तळोज्यातून वाहणाऱ्या कासाडीच्या काठच्या माणसाला एवढ्याने समाधान वाटेल का? पैसे कंपनी भरेल. सांडपाणी सोडायला सांगणाऱ्याचे नाव मात्र कोणत्या कागदावर येणार?