गणपती आळी ते गंगापुरी

दिवाळी झाल्यावर पुण्याहून माझा भाचा, त्याची बायको आणि आठवीतली लेक असे तिघं वाईला आले. गाडीतून सामान उतरवता उतरवताच भाच्यानं विचारलं, "मावशी, ते 'दबंग'चं शूटिंग नक्की कुठं झालं गं?" वाईत पाहुणा आला की हा प्रश्न ठरलेला. पूर्वी तो 'गंगाजल'चा असायचा, त्याआधी 'मृत्युदंड'चा. उत्तरेतलं गाव दाखवायचं असलं की सिनेमावाले पसरणी घाटाच्या पायथ्याशी येऊन उतरतात आणि आमची कृष्णा बिचारी त्यांना हवी ती नदी होते. मी म्हटलं, उद्या सहाला उठा, चहा घेऊन निघू, आणि पटकन काढता येतील अशा चपला घाला.

मी तीस वर्षं छापखान्यांसाठी मुद्रितं तपासली. त्यामुळे गाव दाखवतानाही माझं लक्ष आधी चुकीकडे जातं, हे कबूल करून टाकते. ढोल्या गणपतीच्या घाटावर पोचलो तेव्हा एक रिक्षावाला आपल्या गिऱ्हाइकांना "हे देऊळ पांडवांनी बांधलं" असं बिनदिक्कत सांगत होता. वाईला विराटनगरी म्हणतात आणि डोंगरावर पांडवगड आहे, म्हणून पांडवांच्या खात्यावर काहीही जमा करायला आमच्याकडे मुभा आहे. देऊळ बांधलं गणपतराव भिकाजी रास्ते यांनी, १७६२ साली. पांडव नव्हे, पेशव्यांचे मेहुणे!

मूर्ती एकाच दगडातली. पाय पसरून ऐसपैस बसलेला, गुटगुटीत गणपती. म्हणून ढोल्या. देवाला इतक्या मोकळेपणी जाडा म्हणणारं गाव दुसरं मला माहीत नाही. भाच्याच्या बायकोनं नमस्कार केला, भाच्यानं फोटो काढले. लेक मात्र बाहेर जाऊन देवळाला वळसा घालून आली आणि म्हणाली, "आजी, याला मागून टोक का आहे?"

तिला शाबासकी दिली. येणाऱ्या शंभरातले नव्वद जण समोरून दर्शन घेऊन परततात. या देवळाची खरी करामत पाठीमागे आहे. गाभाऱ्याची मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे आणि तिचं टोक प्रवाहाकडे रोखलेलं आहे. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पाण्याचा लोंढा त्या टोकावर आपटून दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. भिंतीवर त्याचा पुरा जोर कधी बसतच नाही. नदीच्या काठावर, अगदी घाटातच देऊळ बांधायचं ठरवलं तेव्हा पूर येणार हे धरूनच चाललेले हे लोक होते. मी इथं सून म्हणून आले तेव्हापासून गणपतीच्या पायाशी पाणी आलेलं कितीदा पाहिलं. पाणी उतरलं की गाळ काढायचा, फरशी धुवायची, पुन्हा आरती सुरू.

पायरीवर टेकलो तेव्हा मी त्यांना १७६२ या आकड्याकडे जरा नीट बघायला सांगितलं. रास्ते मूळचे कोकणातले गोखले. भिकाजीपंत रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली आणि घराण्याचं नशीब उघडलं. तिचा थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडला. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. सहा महिन्यांत मुलगा आणि नवरा. आणि पुढच्याच वर्षी तिच्या भावाचं हे देऊळ उभं राहिलं. काम आधी सुरू झालं असणारच, एवढा दगड वर्षात घडवून होत नाही. पण पाथरवटांच्या छिन्न्या चालू असताना कधीतरी पानिपतची बातमी या घाटावरही पोचली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. विश्वासराव गणपतरावांचा सख्खा भाचा होता.

"मामानं भाच्याच्या नावानं काही केलं नाही?" भाच्यानं विचारलं. त्याला उत्तर दिलं नाही. तो थट्टा करत होता.

शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजींचं, १७५७ सालचं. गणपतीपेक्षा पाच वर्षांनी थोरलं. दीपमाळा आहेत, प्रशस्त आवार आहे. इथं मी नंदीपाशीच थांबते. काळ्या दगडाचा, हात फिरवला तर घोटलेल्या पाटीसारखा गुळगुळीत लागेल असा, आणि गळ्यातल्या माळा, घंटा, झूल हे सगळं त्याच दगडात कोरलेलं. लेकीनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बाकीची देवळं मी मोजत बसत नाही. वाईत त्यांची गणती सुरू केली तर दुपारचं जेवण चुकतं.

घाटांचं मात्र सांगायला हवं. वाईला सात घाट, आणि घाट म्हणजे आळी: गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, गंगापुरी. थंडी सरता सरता प्रत्येक आळी आपापल्या घाटावर मांडव घालून कृष्णाबाईचा उत्सव करते. एकीचा संपला की दुसरीचा. नदीला इथं नुसतं कृष्णा कुणी म्हणत नाही. ती बाई आहे. उत्सवात तिला साडी नेसवून बसवतात, तिची ओटी भरतात, पंगती उठतात. या उत्सवाची कथा अफझलखानाशी जोडलेली आहे. खान मुळात विजापूरचा वाईचा सुभेदार, हा मुलूख त्याच्या पायाखालचा. १६५९ साली शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा त्यानं तळ दिला तो वाईतच. महाराजांना यश येऊ दे, तुझा उत्सव करीन, असा नवस इथल्या शेंडे शास्त्र्यांनी कृष्णेला बोलला, असं आळीआळीत सांगतात. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. नवसाची कथा खरी की मागाहून गुंफलेली, या वादात मी पडत नाही. पण माझ्या सासूबाई पंगतीत वाढताना "खानाचं जेवण" असं हसून म्हणायच्या, ते मला आवडायचं.

तिथून बाजारपेठेतून निघालो. हळदीच्या दुकानांवरून जाताना वास येतो, तेवढाच. वाईची हळद घेतल्याशिवाय पाहुणे परत जात नाहीत, म्हणून तिथं अर्धा तास मोडला.

मेणवली तीन किलोमीटर. चालत जायचा माझा आग्रह होता, पण भाच्याच्या पायानं तो मोडून काढला. रिक्षा केली. १७६८ साली हे गाव नाना फडणवीसांना मिळालं आणि त्यांनी नदीकाठी वाडा, घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ असं सगळं मिळून एक लहानसं जगच उभं केलं. वाड्याला सहा चौक. लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं, नानांचा पलंग. घाटावर उतरलं की 'स्वदेस' आठवतो, तो भाच्यालाच आठवू दिला. पुण्याच्या कारभारात पेच पडला की नानांचे पाय या खोऱ्याकडे वळत. १७९६ च्या धामधुमीत ते पुणं सोडून साताऱ्याला, मग वाईला आणि तिथून घाट उतरून महाडकडे गेले. सगळी मराठेशाही ज्याच्या लेखणीच्या टोकावर चालत होती, तो माणूस अडचणीत सापडल्यावर आमच्या गल्ल्यांतून वाट काढत कोकणात उतरला, हे आठवलं की या वाड्याच्या भिंतींची जाडी वेगळी दिसते.

घाटावरच्या छोट्या घुमटीत पंचधातूची भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि ही मेणवलीला. लेकीला मजा वाटली ती वेगळीच. "म्हणजे ती मेरी रोज महादेवाची आरती ऐकते?" कुणी ती मूर्ती घासून काढली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. लूट होती, पण तिची बेअदबी झाली नाही.

आता माझ्या मनातलं वाईचं दर्शन. नानांच्या वाड्यात त्या पलंगाहून कितीतरी मोलाची वस्तू होती: त्यांचं दप्तर. मेणवली दप्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीसांच्या हाती ते आलं, म्हणून वाचलं. आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यातली पानिपतच्या काळातली पत्रं सापडली ती वाईत, एका वाड्यातल्या जुन्या कागदांत. पुढं त्या मालेचे बावीस खंड झाले. म्हणजे ज्या लढाईत रास्त्यांचा भाचा गेला, तिची अस्सल पत्रं शंभरावर वर्षं वाईत पडून होती आणि घाटावर रोज आरती होत होती. मराठीत पानिपत नव्यानं लिहिलं गेलं ते या कागदांवरून. राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच्या आदल्याच वर्षी, १८९७ मध्ये, वाईच्या 'मोदवृत्त' साप्ताहिकावर राजद्रोहाचा खटला झाला होता. टिळकांचा खटला सगळ्यांना माहीत, आमच्या साप्ताहिकाचं नाव वाईतही कुणाला आठवत नाही.

हे सांगताना मला आमची ट्रंक आठवते. आमचा वाडा पाडून तिथं इमारत झाली, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक उतरली. आत मोडी कागदांच्या जुड्या, लाल फडक्यात बांधलेल्या. मी कामावर होते. संध्याकाळी आले तो ट्रंक रिकामी, कागद रद्दीत गेलेले. वाण्याकडे हळद बांधून आली त्या पुडीवर मोडी अक्षरं दिसली, तेव्हा मी ती पुडी कितीतरी दिवस जपून ठेवली. जमाखर्च असेल, उसनवारी असेल. पानिपत नक्की नव्हतं, असं घरातले म्हणतात. वाचल्याशिवाय त्यांना कसं कळलं, हे मी विचारत नाही.

परतीला रिक्षा गंगापुरीत सोडली. इथं प्राज्ञपाठशाळा आहे. बाहेरून पाहिली तर एखादी जुनी शाळा वाटेल. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, इथं शिकवायचे. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन विनोबा संस्कृत शिकायला आले ते या गावात. धुळ्याकडच्या पिंपळनेरचा चौदा-पंधरा वर्षांचा लक्ष्मण जोशी इथंच आला आणि तर्कतीर्थ होऊन इथलाच झाला. १९३३ साली गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचं लग्न पुण्यात लागलं. वर वैश्य, वधू ब्राह्मण, म्हणजे शास्त्राच्या जुन्या हिशेबानं उलटा विवाह. ते लग्न लावलं लक्ष्मणशास्त्र्यांनी. घाटाघाटांवर वेदघोष चालणाऱ्या गावानं असा भटजी पुरवला, याचा मला नंदीपेक्षा जास्त अभिमान आहे.

आणि याच गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय. १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापलं, अध्यक्ष लक्ष्मणशास्त्री, आणि मुंबई-पुणं सोडून काम चाललं वाईत. पहिला खंड १९७६ साली निघाला. एकूण खंड वीस. अणू, अंतराळ, शस्त्रक्रिया, सगळ्यावरच्या नोंदी या घाटाखालच्या गावात तपासल्या जात होत्या, मुद्रितं इथून तिथं जात होती. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही जागा देवळासारखी वाटते. एका वेलांटीसाठी इथं माणसं भांडली आहेत.

भाच्यानं इमारतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, पण इथं बघायचं काय?" फोटो त्यानं काढला नाही. लेकीनं मात्र विचारलं, "आजी, मोडी शिकता येतं का?"

येतं. महिन्याभरात अक्षरं लागतात. तिला मी वही घेऊन दिली आहे, सुट्टीत ती वाईला येणार आहे. तुमच्याकडे माळ्यावर जुनी ट्रंक असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मोडी येणाऱ्या कुणालातरी ती दाखवा.