लक्षणगीत : कानाने शिकलेले शास्त्र

केदारभट्टाच्या ‘वृत्तरत्नाकरा’त वृत्ताची व्याख्या त्याच वृत्तात बांधलेली आहे. व्याख्या म्हणताना उदाहरणही म्हटले जाते आणि गण मोजण्याआधीच चाल कानात बसते. मराठी शाळांतून वृत्ते शिकवली गेली तीही अशा लक्षण-ओळींच्या आधारे. संगीतात हेच काम लक्षणगीत करते. रागाचा थाट, वर्ज्य स्वर, वादी-संवादी, गानसमय हे सारे त्याच रागात गाऊन सांगणारी ही बंदिश. ती पाठ झाली की वाचता न येणाऱ्यालाही रागाचे मूलभूत शास्त्र येते.

हिंदुस्थानी संगीतात अशी गीते विपुल रचली ती विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी, ‘चतुर’ या मुद्रेने. कर्नाटक संगीतात हा प्रकार पूर्वीपासून होता आणि १९०४ साली भातखंड्यांनी दक्षिणेचा प्रवास केला होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ देणारी सुबोध स्वरलिपी रूढ केली तीही त्यांनीच. लिपी हाताशी असताना त्यांना लक्षणगीतांची गरज का भासावी?

भूप आणि देसकार या रागांकडे पाहिले म्हणजे उत्तर सापडते. दोघांचे स्वर तेच पाच : सा रे ग प ध. कागदावर नुसते आरोह-अवरोह मांडले तर दोन राग वेगळे का, हे सांगणे कठीण. भूपाचा वादी गंधार, देसकाराचा धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. दोन्हींत मध्यम वर्ज्य आहे, म्हणजे कल्याण थाटाची खूण असलेला तीव्र मध्यम भूपात ऐकूच येत नाही. तरीही भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देसकार बिलावलात. हा निर्णय स्वरांच्या यादीवरून होणारा नव्हे. रागाचे चलन ऐकूनच तो होऊ शकतो.

गवयांना गाता येते पण शास्त्र सांगता येत नाही, अशी भातखंड्यांची तक्रार असे. ती अगदीच निराधार नव्हती. पण जयपूर, रामपूर येथील उस्तादांकडून मिळवलेल्या चिजांवरूनच त्यांनी रागांची लक्षणे निश्चित केली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नावही ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ आहे. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायिले जाणारे संगीत. जे शास्त्र उस्तादांजवळ नाही असे वाटत होते, ते त्यांच्या गळ्यातच होते. परिभाषा तेवढी नव्हती. लक्षणगीताने ती परिभाषा पुन्हा गळ्याच्या स्वाधीन केली.

यात लिपीचा अधिक्षेप नाही. लिपीमुळे शेकडो बंदिशी टिकल्या, आणि ज्याला उस्तादाचे दार बंद होते त्यालाही त्या मिळाल्या. लक्षणगीतालाही मर्यादा आहेच : गंधार वादी आहे हे ते सांगते, पण त्यावर थांबावे कसे, हे गुरूच्या आवाजातूनच कळते. तरीही ‘लिहिता-वाचता येत नाही म्हणजे शास्त्र येत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा लिपी रूढ करणाऱ्या या पंडितानेच आपले शास्त्र गाण्यात बांधून ठेवले होते, याचे स्मरण असावे.