शुभवर्तमान म्हणजे नक्की काय?

सीप्झमध्ये वर्षानुवर्षं नोकरी करूनही अनेकांना माहीत नसतं, की आपल्या ऑफिसांच्या गर्दीतच एक पडकं चर्च आहे. सेंट जॉन द बॅप्टिस्टचं, पोर्तुगीज काळात १५७९ साली बांधलेलं. मे महिन्यात तिथे मिस्सा असते. एका वर्षी ईस्ट इंडियन मित्राबरोबर मीही गेलो. त्याच्या मराठी बायबलमध्ये एक मथळा दिसला: ‘मार्ककृत शुभवर्तमान’.

शुभ वर्तमान? म्हणजे चांगला वर्तमानकाळ? मित्र हसला. म्हणाला, "अरे, तू सकाळी ट्रेनमध्ये वाचतोस ते काय?"

वर्तमानपत्र! डोक्यात लख्ख उजेड पडला. जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे बातमी. शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी, बस्स.

मग शोधाशोध सुरू. मूळ ग्रीक शब्द ‘युआंगेलियॉन’. होमरच्या काळात त्याचा अर्थ चांगली बातमी आणणाऱ्याला दिलेलं बक्षीस. पुढे ती बातमीच. इंग्रजी ‘गॉस्पेल’ हे त्याचंच शब्दशः भाषांतर: ‘गोड’ म्हणजे चांगला, ‘स्पेल’ म्हणजे वार्ता. पुढे लोकांना त्यात ‘गॉड’ ऐकू येऊ लागला. एका स्वराच्या फरकाने अर्थच बदलला!

पण खरी गंमत पुढे आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएनी इथे इ.स.पू. ९ चा एक शिलालेख सापडला. त्यात रोमन सम्राट ऑगस्टसचा जन्म ही जगासाठी शुभवार्तांची सुरुवात म्हटली आहे, शब्द हाच. म्हणजे ही दरबारी दवंडीची भाषा. आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांनी ती कोणासाठी वापरली? त्याच रोमच्या सत्तेने क्रूसावर चढवलेल्या एका सुताराच्या पोरासाठी. केवढं धाडस!

आणखी एक. सेंट पॉलने इ.स. ५० च्या दशकातल्या पत्रांत हा शब्द वापरला, तेव्हा मार्कचं पुस्तक बहुधा लिहिलंही गेलं नव्हतं. बातमी आधी, पुस्तक नंतर. ग्रीक मथळ्यातही ‘मार्कने रचलेलं’ असं नाही, ‘मार्कच्या सांगण्याप्रमाणे’ असं आहे. बातमी एकच, सांगणारे चार. आपल्या ‘कृत’मध्ये हे हरवतं. ‘वर्तमान’ने मात्र ते जपलंय.

वसईच्या ख्रिस्ती समाजाने आपल्या मासिकाचं नाव ‘सुवार्ता’ ठेवलं, ते किती चपखल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

असो. धर्मग्रंथ म्हटला की आपण लांबूनच नमस्कार करतो. बातमी म्हटली की मात्र विचारावं लागतं: हे खरं आहे का, आणि असेल तर माझं काय?